अँग्लिकन चर्चमधील दीक्षित सेवक आणि सर्वसामान्य सभासद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘क्लर्जी’ म्हणजे कोण आणि ‘लेइटी’ म्हणजे कोण?

अँग्लिकन चर्चमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील चर्चमध्ये, बिशपांनी डोक्यावर हात ठेवून, प्रार्थनापूर्वक ज्यांना बिशप, प्रीस्ट किंवा डीकन या पदाची दीक्षा दिली आहे, ते सर्व ‘क्लर्जी’, म्हणजे दीक्षित सेवक होत. बाप्तिस्मा झालेले बाकीचे सर्वजण ‘लेइटी’ होत. मराठीत आपण त्यांना सहसा ‘सर्वसामान्य सभासद’ म्हणतो आणि या पानावरही सोयीसाठी तोच शब्द वापरला आहे. मूळ शब्दात मात्र ‘सामान्य’ असे काही नाही. तो ‘लाओस’ या ग्रीक शब्दावरून आला असून त्याचा अर्थ ‘लोक’, म्हणजे देवाची प्रजा असा आहे, आणि त्या अर्थाने बिशपसुद्धा त्या प्रजेतलेच एक असतात. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चच्या १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात चर्चचे सेवक कोण, या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात सर्वसामान्य सभासदांचे नाव सर्वांत आधी घेतले आहे, आणि त्यानंतर बिशप, प्रीस्ट व डीकन येतात. हा क्रम सहज म्हणून लावलेला नाही. ख्रिस्ती सेवेची सुरुवात बाप्तिस्म्यापासून होते आणि दीक्षा ही त्यातल्या काहींना दिलेली विशिष्ट जबाबदारी आहे, हे त्यातून सांगायचे आहे.

बिशप, प्रीस्ट आणि डीकन यांच्या कामांत फरक काय?

डीकन या शब्दाचा अर्थच सेवक असा आहे. गरजू, आजारी आणि एकाकी माणसांपर्यंत चर्चला घेऊन जाणे आणि त्यांची गरज चर्चसमोर मांडणे हे डीकनचे खास काम आहे. उपासनेत शुभवर्तमानाचे वाचन करणे, प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर व द्राक्षारसाच्या विधीची, मेज मांडणे आणि शेवटी लोकांना जगात सेवेसाठी पाठवणारे शब्द उच्चारणे हे सहसा त्यांच्याकडे असते. प्रीस्टकडे एखाद्या मंडळीची राखण असते : वचनाची शिकवण देणे, बाप्तिस्मा व प्रभुभोजन यांसारखे पवित्र संस्कार देणे, पापक्षमेची घोषणा करणे आणि लोकांची विचारपूस ठेवणे. बिशपांकडे एका मंडळीची नव्हे, तर संपूर्ण डायोसिसची, म्हणजे अनेक मंडळ्या असलेल्या एका प्रदेशाची, जबाबदारी असते. नव्या सेवकांना दीक्षा देणे आणि अँग्लिकन प्रथेप्रमाणे दृढीकरण करणे (बाप्तिस्मा झालेल्यांनी स्वतः विश्वास जाहीर केल्यावर त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करणे) ही कामे त्यांचीच आहेत.

ही तीन पदे एकावर एक रचलेली आहेत, एक सोडून दुसरे घ्यावे अशी नाहीत. जो प्रीस्ट होतो तो आधी डीकन झालेला असतो, सहसा सुमारे वर्षभर, आणि प्रीस्ट झाल्यावर तो डीकन राहत नाही असे नाही. बिशपही आयुष्यभर प्रीस्ट आणि डीकन राहतात. काहीजण मात्र डीकनपद हेच आपले कायमचे पाचारण, म्हणजे देवाची हाक, मानतात. त्यांना ‘अर्धवट राहिलेले पाळक’ समजणे ही मोठी चूक आहे.

चर्चमध्ये नव्याने येणाऱ्यास हा फरक डोळ्यांनीही दिसतो. डीकनच्या गळ्यातला स्टोल (लांब, अरुंद पट्टा) डाव्या खांद्यावरून तिरपा उजव्या कुशीकडे उतरतो; प्रीस्टचा स्टोल मानेवरून दोन्ही बाजूंनी सरळ खाली येतो.

प्रीस्टला ‘याजक’ म्हणावे, ‘पाळक’ म्हणावे की ‘वडील’?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे. ‘प्रीस्ट’ हा इंग्रजी शब्द ‘प्रेसबितेरोस’ या ग्रीक शब्दावरून आला आहे आणि मराठी बायबलमध्ये त्या ग्रीक शब्दाचे भाषांतर ‘वडील’ असे होते. ‘याजक’ हा आपला शब्द मात्र ‘हिएरेउस’ या वेगळ्या ग्रीक शब्दासाठी, म्हणजे मंदिरात यज्ञ अर्पण करणाऱ्यासाठी आहे. नव्या करारात हा दुसरा शब्द कोणत्याही एका मंडळीच्या पुढाऱ्यासाठी वापरलेला नाही. तो ख्रिस्तासाठी येतो, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात त्याच कुळातला शब्द सर्व विश्वासीयांना मिळून ‘राजकीय याजकगण’ म्हणताना येतो. तेथे ‘राजकीय’ याचा अर्थ राजाचे, राजवंशाचे असा आहे; आजच्या राजकारणाशी त्याचा संबंध नाही.

याचा अर्थ प्रीस्टच्या सेवेत याजकीय असे काही नाही, असा नव्हे. अँग्लिकन परंपरेतही यावर दोन सूर आहेत : काहीजण ‘याजक’ शब्दावर भर देतात, काहीजण ‘वडील’ किंवा ‘पाळक’ अधिक पसंत करतात. दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट ही, की याजकपण संपूर्ण मंडळीचे आहे आणि प्रीस्ट ते तिच्यामध्ये राहून, तिच्या वतीने वाहतो.

केवळ दीक्षित सेवकच करू शकतात अशी कामे नेमकी कोणती?

यादी लोकांना वाटते तितकी लांब नाही. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारसावरील मुख्य प्रार्थना म्हणणे, देवाच्या नावाने पापक्षमेची घोषणा करणे आणि लोकांना आशीर्वाद देणे ही कामे प्रीस्ट किंवा बिशप यांचीच आहेत. दीक्षा आणि दृढीकरण ही सहसा बिशपांकडेच असतात. बिशपाची दीक्षा करताना किमान तीन बिशपांनी हात ठेवावेत, असा नियम इ. स. ३२५ मध्ये निकाया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेपासून चालत आला आहे. प्रीस्टच्या दीक्षेत बिशपांबरोबर उपस्थित प्रीस्टही हात ठेवतात. डीकनच्या दीक्षेत मात्र एकट्या बिशपांचे हात असतात.

बाप्तिस्मा हा सहसा प्रीस्ट किंवा डीकन देतात, पण तो या यादीत पूर्णपणे बसत नाही. जीव धोक्यात असताना कोणीही माणूस पाण्याने, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकतो आणि तो खरा बाप्तिस्मा असतो. बाळ वाचले, तर पुढे मंडळीसमोर त्याचे स्वागत करतात, पण पाणी पुन्हा घालत नाहीत. रात्री रुग्णालयात एखाद्या परिचारिकेने दिलेला बाप्तिस्मा आणि कॅथीड्रलमध्ये बिशपांनी दिलेला बाप्तिस्मा यांत उणे-अधिक काही नाही.

मग सभासदांनी उपासनेत काय करायचे? केवळ बाकावर बसायचे का?

अँग्लिकन उपासना मुळातच एकट्याने करता येत नाही. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात असा स्पष्ट निर्देश आहे, की मंडळी कितीही लहान असली तरी पाळकाबरोबर प्रभुभोजन घेणारे किमान तिघे असल्याशिवाय तो विधी होऊ नये. म्हणजे लोकांना प्रीस्ट लागतो तसेच प्रीस्टला लोक लागतात. प्रार्थना पाळकाने म्हटली तरी तिच्यावर मोहोर उमटते ती लोकांच्या ‘आमेन’ने, म्हणून ‘आमेन’ पुटपुटू नये असे मी तळमळीने सांगेन.

याशिवाय शास्त्रपाठ वाचणे, मध्यस्थीच्या प्रार्थना चालवणे, गायनाचे नेतृत्व करणे, रविवारच्या शाळेत शिकवणे ही कामे सभासद सर्रास करतात. बिशपांची अनुज्ञा घेतलेले सभासद प्रभुभोजनात प्याला देतात, आणि आजाऱ्यांच्या घरीही आधी अभिमंत्रित केलेले प्रभुभोजन घेऊन जातात. काही कामे कोणाला दिसतही नाहीत. उपासना संपल्यावर मागच्या खोलीत कोणीतरी प्याला पुसलेल्या तागाच्या फडक्या पहिल्यांदा स्वच्छ पाण्यात भिजवते, ते पाणी मोरीत न ओतता जमिनीत जिरवते आणि मगच फडक्या धुऊन इस्त्रीला ठेवते. तिथे प्रवचन नाही, टाळी नाही. पण प्रभूच्या मेजेबद्दलचा आदर माझ्या मते तिथे जितका स्पष्ट दिसतो तितका फार थोड्या ठिकाणी दिसतो.

पाळक उपलब्ध नसतील, तर रविवारची उपासना रद्द करावी लागते का?

नाही. प्रार्थनापुस्तकातील प्रातःकालची आणि सायंकाळची प्रार्थना सर्वसामान्य सभासद चालवू शकतात. फक्त पापक्षमेच्या घोषणेच्या जागी क्षमेसाठीची प्रार्थना म्हणतात, आणि आशीर्वादात ‘तुम्हांवर’ऐवजी ‘आम्हांवर’ असा शब्द घेतात. या एका सर्वनामाच्या बदलात दोन्ही भूमिकांतला फरक सामावला आहे : पाळक लोकांकडे तोंड करून देवाच्या वतीने बोलतो, तर सभासद लोकांबरोबर देवाकडे तोंड करून बोलतो.

अशा सेवेसाठी अनेक प्रांतांत (म्हणजे स्वतंत्र कारभार असलेल्या, बहुधा एकेका देशाच्या अँग्लिकन चर्चमध्ये) ‘रीडर’ किंवा अनुज्ञाप्राप्त सभासद-सेवक नेमले जातात. इंग्लंडच्या चर्चमध्ये रीडर हे पद १८६६ मध्ये नव्याने सुरू झाले आणि १९६९ पासून स्त्रियांनाही ते खुले झाले. रीडर रीतसर अभ्यास पूर्ण करून बिशपांच्या परवान्याने प्रवचन देतात. त्यांच्या कॅसॉक (लांब झगा) आणि सर्प्लिसवर (त्यावरचा पांढरा सैल अंगरखा) निळा पट्टा असतो.

सभासद इतके सगळे करू शकतात, तर प्रभुभोजन का चालवू शकत नाहीत? त्यांची योग्यता कमी असते का?

योग्यतेचा प्रश्न येथे येतच नाही. मंडळीतली एखादी आजी कोणत्याही प्रीस्टपेक्षा अधिक प्रार्थनाशील असू शकते आणि तरीही ती मेजेमागे उभी राहत नाही. कारण प्रभुभोजन हे एका मंडळीचे खासगी जेवण नसून सर्व काळांतल्या आणि सर्व ठिकाणच्या चर्चचे आहे. तेथे उभ्या राहणाऱ्याला संपूर्ण चर्चने, बिशपांच्या हातून, जाहीरपणे नेमलेले असावे, अशी अँग्लिकन समज आहे. इंग्लंडच्या चर्चची श्रद्धा मांडणाऱ्या एकोणचाळीस धर्मसूत्रांतील २३ वे सूत्रही हेच सांगते, की रीतसर पाचारण झाल्याशिवाय कोणी मंडळीत जाहीर उपदेशाचे वा संस्कार देण्याचे काम हाती घेऊ नये. या समजुतीला आव्हान देणारेही आहेत. ऑस्ट्रेलियातील सिडनी डायोसिसमध्ये डीकन आणि सभासदांनाही ही मुभा असावी, असा आग्रह अनेक वर्षे धरला गेला आहे. एकूण अँग्लिकन समुदायाने मात्र तो स्वीकारलेला नाही.

नियम पाळूनही गरज कशी भागवता येते, याचे १९४४ मधले उदाहरण मला नेहमी आठवते. दुसऱ्या महायुद्धात चीनच्या किनाऱ्यावरील मकाव येथे निर्वासितांची गर्दी झाली होती आणि जपानच्या ताब्यातील प्रदेशातून प्रीस्टना तेथे पोहोचता येत नव्हते. तिथल्या मंडळीची सेवा फ्लोरेन्स ली टिम-ओई या डीकनेस (स्त्री-सेविका) करत होत्या. हाँगकाँगचे बिशप रोनाल्ड हॉल यांनी दीक्षेशिवायच प्रभुभोजन चालू देण्याचा मार्ग कायम न ठेवता त्यांना प्रीस्टपदाची दीक्षा दिली. अँग्लिकन समुदायातील त्या पहिल्या स्त्री प्रीस्ट. युद्धानंतर मोठा वाद उठला तेव्हा त्यांनी प्रीस्ट म्हणून काम करणे थांबवले, पण आपली दीक्षा नाकारली नाही.

रेक्टर, व्हिकर, क्युरेट, आर्चडीकन ही आणखी वेगळी पदे आहेत का?

नाही, दीक्षेची पदे तीनच. बाकीची नावे नेमणुकीची आहेत. जुन्या इंग्लंडमध्ये पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीच्या, उत्पन्नाचा मोठा दशांश (मुख्य पिकांचा दहावा हिस्सा) ज्याला मिळे तो रेक्टर आणि त्याच्या वतीने काम पाहणारा तो व्हिकर, कारण त्या शब्दाचा अर्थच ‘बदली’ असा आहे. आज बहुतेक ठिकाणी हा फरक नावापुरता उरला आहे. नव्याने दीक्षा घेऊन अनुभवी पाळकाच्या हाताखाली शिकणाऱ्यास क्युरेट म्हणतात. आर्चडीकन नावात ‘डीकन’ असला तरी सहसा प्रीस्टच असतात आणि बिशपांच्या वतीने डायोसिसच्या एका भागाचा कारभार बघतात.

चर्चवॉर्डन म्हणजे काय?

चर्चवॉर्डन हे सभासदांकडे असलेले सर्वांत जुने आणि सर्वांत भारदस्त पद आहे. इंग्लंडमध्ये प्रत्येक पॅरिशसाठी सहसा दोन वॉर्डन दरवर्षी निवडले जातात. ते पाळकाचे नोकर नसतात आणि मदतनीसही नसतात. ते बिशपांचे अधिकारी असतात. चर्चची चांदीची भांडी, साज-सामान आणि इतर जंगम वस्तू कायद्याने त्यांच्या नावे असतात. त्यांनी त्यांची यादी ठेवायची आणि पद सोडताना ती पडताळून पुढच्या वॉर्डनकडे द्यायची असते. उपासनेच्या वेळी शांतता राखणे हेही त्यांचेच काम.

रविवारी त्यांचे काम कसे चालते ते पाहावे. सर्वांच्या आधी दार उघडायचे, नवख्या माणसाला प्रार्थनापुस्तक हातात देऊन बसवायचे, उपासनेनंतर दोघांनी मिळून अर्पण मोजायचे आणि नोंदवहीत त्या दिवसाची ओळ भरायची : कोणती उपासना, प्रवचन कोणाचे, प्रभुभोजन घेणारे किती, अर्पण किती. पाळक बदलतात, बिशप बदलतात. त्या वहीतल्या ओळी चालू राहतात. एखाद्या पॅरिशमध्ये पाळकाची जागा रिकामी होते तेव्हा महिनोन्महिने चर्च उघडे राहते ते बहुतांशी वॉर्डनांमुळे.

इतर प्रांतांत रचना थोडी वेगळी असते. अमेरिकेत ‘व्हेस्ट्री’ नावाची निवडलेली समिती पॅरिशची मालमत्ता आणि पैसा सांभाळते आणि रेक्टर निवडण्यात तिचाच पुढाकार असतो.

चर्चचे निर्णय अखेर कोण घेते?

बिशप एकटे घेत नाहीत, हे थोडक्यात उत्तर. ‘बिशप पुढे, पण सिनडसह’ ही अँग्लिकन कारभाराची पद्धत आहे. सिनड म्हणजे चर्चचे निर्णय घेणारी सभा. तिच्यात बहुतेक ठिकाणी बिशप, इतर दीक्षित सेवक आणि सर्वसामान्य सभासद असे तीन घटक असतात आणि महत्त्वाच्या विषयांवर प्रत्येक घटक स्वतंत्रपणे मत देतो. इंग्लंडमध्ये पॅरिश पातळीवरची परिषद १९२१ पासून आणि सध्याचे जनरल सिनड १९७० पासून आहे.

ही केवळ कागदावरची तरतूद नाही. २० नोव्हेंबर २०१२ रोजी स्त्रियांना बिशप होऊ द्यावे असा प्रस्ताव इंग्लंडच्या जनरल सिनडपुढे आला. बिशपांच्या सभागृहात ४४ विरुद्ध ३ आणि दीक्षित सेवकांच्या सभागृहात १४८ विरुद्ध ४५ मतांनी तो संमत झाला. सर्वसामान्य सभासदांच्या सभागृहात बाजूने १३२ आणि विरोधात ७४ मते पडली. दोन-तृतीयांश बहुमताला सहा मते कमी पडली आणि प्रस्ताव तेथेच फेटाळला गेला. जवळजवळ सर्व बिशप एका बाजूला असूनही त्यांना थांबावे लागले. प्रस्ताव २०१४ मध्ये पुन्हा मांडला गेला आणि तिन्ही सभागृहांत संमत झाला. २०१२ च्या त्या निकालाने कोणाला दुःख झाले, कोणाला दिलासा मिळाला. पण सभासदांचे मत शोभेचे असते, असे त्यानंतर कोणी म्हणू शकत नाही.

हा अधिकार मोठा आहे, म्हणून तो वापरण्याची तयारीही लागते. वार्षिक सभेला जायचे नाही, हिशेब वाचायचे नाहीत आणि नंतर ‘पाळक मनमानी करतात’ अशी तक्रार करायची, हे न्यायाचे नाही.

कँटरबरीचे आर्चबिशप हे अँग्लिकनांचे पोप आहेत का?

नाहीत. त्यांना समानांमध्ये पहिला मान आहे. दुसऱ्या प्रांताच्या कारभारात हुकूम देण्याचा अधिकार नाही. १८६७ पासून भरणाऱ्या लँबेथ परिषदेला बिशपांना निमंत्रण ते देतात, पण तिचे ठरावसुद्धा एखाद्या प्रांताने स्वीकारल्याशिवाय तेथे बंधनकारक होत नाहीत.

दीक्षित सेवक लग्न करू शकतात का? स्त्रियांना दीक्षा मिळते का?

लग्न करू शकतात; बिशपही. ३२ वे धर्मसूत्र याबद्दल स्पष्ट आहे. स्त्रियांच्या दीक्षेबाबत सर्व प्रांत एकमताचे नाहीत. अनेक प्रांतांत स्त्रिया डीकन, प्रीस्ट आणि बिशप आहेत, काहींत एखाद्या पदापर्यंतच मुभा आहे आणि काहींत मुळीच नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या स्त्री प्रीस्टची दीक्षा १९९४ मध्ये झाली. समुदायातील पहिल्या स्त्री बिशप अमेरिकेतील बार्बरा हॅरिस यांची दीक्षा १९८९ मध्ये झाली होती.

पाळकाचे वर्तन चुकीचे असल्याचे उघड झाले, तर त्याने दिलेले संस्कार व्यर्थ ठरतात का?

हा प्रश्न बहुधा दुखावलेल्या मनातून येतो, म्हणून उत्तर सावकाश द्यायला हवे. २६ वे धर्मसूत्र म्हणते, की संस्कार ख्रिस्ताचे आहेत आणि त्याच्या वचनामुळे फलद्रूप होतात. देणाऱ्याच्या अपात्रतेमुळे विश्वासाने घेणाऱ्याचे काही हिरावले जात नाही. ज्या हातांनी तुमचा बाप्तिस्मा झाला ते पुढे कलंकित निघाले, तरी तुमचा बाप्तिस्मा तसाच उभा आहे.

पण ते सूत्र येथे थांबत नाही आणि हा भाग अनेकदा गाळला जातो. अशा सेवकांची चौकशी व्हावी, माहिती असणाऱ्यांनी ती पुढे आणावी आणि दोष सिद्ध झाल्यास त्यांना पदावरून काढावे, असेही त्यातच लिहिले आहे. म्हणजे तक्रार करणे हा अनादर नाही, तर सभासदाचे कर्तव्य आहे. बालकाला किंवा कोणालाही इजा झाल्याचे कळल्यास डायोसिसच्या सुरक्षाविषयक अधिकाऱ्याला आणि जेथे गुन्हा असेल तेथे पोलिसांना कळवावे. ‘चर्चची बदनामी होईल’ म्हणून गप्प राहण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

मी दीक्षा घेतली नाही, तर माझी सेवा दुय्यम ठरते का?

नाही. हा गैरसमज जुना आहे आणि त्याने पुष्कळ नुकसान केले आहे. उत्साही सभासद दिसला, की ‘तुम्ही पाळक का होत नाही?’ असे विचारले जाते, जणू चांगल्या ख्रिस्ती माणसाला बढती मिळायचीच. दीक्षा ही बढती नव्हे. सभासदाचे प्रमुख सेवाक्षेत्र चर्चच्या भिंतींच्या आत नसून बाहेर आहे : हिशेब प्रामाणिक ठेवणारा कारकून, वर्गातल्या मागे पडलेल्या मुलाजवळ थांबणारी शिक्षिका, आजारी सासऱ्यांची शुश्रूषा करणारी सून. तिथे पाळक पोहोचू शकत नाही. रविवारी त्याने शिकवायचे आणि संस्कार द्यायचे ते या माणसांना सोमवारी तिथे उभे राहता यावे म्हणून.

मला दीक्षित सेवेचे पाचारण आहे असे वाटते. सुरुवात कोठून करावी?

आपल्या पाळकाशी मोकळेपणाने बोलण्यापासून. त्यानंतर सहसा डायोसिसचे मार्गदर्शक, निवड समिती, ईश्वरविज्ञानाचे शिक्षण आणि अखेर बिशपांचा निर्णय असा प्रवास असतो आणि त्याला काही वर्षे लागतात. अंतःकरणातली हाक पुरेशी नसते. मंडळीलाही ती हाक ऐकू यावी लागते. म्हणूनच १५५० पासूनच्या दीक्षाविधीत बिशप लोकांकडे वळून विचारतात, की या उमेदवाराविरुद्ध कोणाला काही अडसर किंवा गंभीर दोष ठाऊक असेल तर त्याने पुढे येऊन सांगावे. अनेक आधुनिक विधींत याच्याही पुढे जाऊन, याला दीक्षा द्यावी अशी तुमची इच्छा आहे का आणि तुम्ही याला त्याच्या सेवेत आधार द्याल का, असे थेट लोकांनाच विचारले जाते. त्यांचे उत्तर येईपर्यंत बिशप हात पुढे करत नाहीत.